तोंडओळखीची ओळख व्हावी म्हणून : पुण्यातील कार्यक्रम आणि समाजमाध्यमे यांची सांगड कशी घालावी

कोथरूडमध्ये आमचा लाकडी घाण्याच्या तेलाचा छोटा व्यवसाय आहे. शेंगदाणा, करडई, तीळ आणि खोबरे एवढीच तेले आम्ही काढतो. आमचे आजचे बहुतेक नियमित ग्राहक कोणत्या ना कोणत्या कार्यक्रमात प्रथम भेटलेले आहेत : कोणी दिवाळीपूर्वीच्या प्रदर्शनात, कोणी सोसायटीच्या कोजागिरीला, तर कोणी व्याख्यान सुरू होण्याची वाट पाहताना शेजारच्या खुर्चीवर. तरीही पहिल्या दोन वर्षांत अशा भेटींतून आमच्या हाती जवळजवळ काहीच लागले नव्हते. पहिल्या प्रदर्शनात तीन दिवस बसून आम्ही एक वही भरून नावे आणि मोबाइल क्रमांक लिहून घेतले. आठवड्याने ती वही उघडली, तेव्हा कोणाला करडईचे तेल हवे होते, कोणी डॉक्टरांनी सांगितले म्हणून चौकशी केली होती आणि कोण केवळ संकोचापोटी नाव देऊन गेले होते, यांतले काहीही आठवेना. भेटी झाल्या होत्या, पण त्या लक्षात राहतील अशी कोणतीच व्यवस्था आम्ही केली नव्हती. छोट्या व्यावसायिकासाठी समाजमाध्यमांचे पहिले काम ही आठवण दोन्ही बाजूंनी जागी ठेवणे हे आहे आणि प्रसिद्धी त्यानंतर येते, असे माझे ठाम मत झाले आहे. पुढील सर्व सूचना याच मतावर उभ्या आहेत.

या मताला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिले, की जुजबी ओळखीच्या माणसांचे महत्त्व आपण समजतो त्याहून कितीतरी जास्त असते. नोकरी बदललेल्या लोकांशी बोलताना त्यांना आढळले, की ज्या ओळखीतून नोकरीची माहिती मिळाली ती व्यक्ती बहुधा अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारी होती. याचे कारण सरळ आहे. जवळच्या मित्रांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी, नवे गिऱ्हाईक किंवा नवा पुरवठादार आपल्या वर्तुळाबाहेरच्या माणसाकडून येतो. मराठीत यालाच आपण तोंडओळख म्हणतो. पुण्यात ती सहज होते, कारण इथे व्याख्याने, प्रदर्शने, मैफली आणि मंडळे यांना तोटा नाही. मात्र ती तितक्याच सहज विरूनही जाते.

कुठे जायचे, हे वर्षाच्या सुरुवातीला ठरवावे

मिळेल त्या कार्यक्रमाला जाणे हा वेळेचा आणि पेट्रोलचा अपव्यय आहे. आपला ग्राहक वर्षभरात कुठे जमतो हे आधी कागदावर लिहावे. आमच्या यादीची सुरुवात जानेवारीतल्या हळदीकुंकवापासून होते. संक्रांत ते रथसप्तमी या काळात घरोघरी आणि सोसायट्यांमध्ये समारंभ होतात आणि वाण म्हणून काय लुटायचे याचा निर्णय बहुतेक घरांत त्याच्या दोन-तीन आठवडे आधी होतो. तिळाच्या तेलाच्या छोट्या बाटल्या वाण म्हणून देता येतील, ही कल्पना आम्ही डिसेंबरच्या मध्यावर स्टेटसला ठेवतो; संक्रांतीच्या दिवशी ठेवली तर ती कितीही आकर्षक असली तरी उपयोगाची नसते. प्रत्येक व्यवसायाला स्वतःचा असा एक मुहूर्त असतो आणि तो शोधणे हे नियोजनातले अर्धे काम आहे.

उन्हाळ्यात टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमाला असते. ती न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली आणि तिथे येणारा श्रोता वर्षानुवर्षे येत राहतो. अशा ठिकाणी एकदा जाऊन काही होत नाही. सलग काही दिवस जाऊन त्याच भागात बसणाऱ्या माणसांना आपला चेहरा ओळखीचा होऊ द्यावा लागतो. डिसेंबरमध्ये शहर अक्षरशः भरून वाहते : सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, ग्रामीण महिलांच्या बचत गटांना शहरी ग्राहक मिळवून देणारी भीमथडी जत्रा, शिवाय अलीकडे फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर भरणारा पुस्तक महोत्सव. या तिन्ही ठिकाणी जमणारी माणसे एकच असली तरी त्यांची मनःस्थिती वेगळी असते. जत्रेत माणूस खरेदीच्या तयारीने आलेला असतो. सवाईला आलेला माणूस गाणे ऐकायला आलेला असतो. गायन चालू असताना शेजाऱ्याशी धंद्याचे बोलणे हा त्या स्वराचा आणि त्या श्रोत्याचा अनादर आहे. मध्यंतरात, चहाच्या रांगेत, ऐकलेल्या रागाविषयी दोन शब्द झाले तर तेवढे पुरेसे आहेत.

गणेशोत्सवात मंडळाच्या अहवालात छापल्या जाणाऱ्या जाहिरातीकडे अनेक व्यावसायिक उपकार म्हणून पाहतात. माझे मत निराळे आहे. त्या पानाचा उपयोग मर्यादित असेलही, परंतु मंडळाच्या कार्यकर्त्याला आपल्या पेठेतले किंवा वस्तीतले प्रत्येक घर माहीत असते आणि जाहिरात दिल्याने त्याच्याशी वर्षभराचा बोलण्याचा संबंध तयार होतो. तो संबंध जपावा. त्याच्याकडून घरोघरच्या लोकांचे क्रमांक मात्र मागू नयेत. आषाढी वारीच्या वाटेवर दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, तेव्हा वारकऱ्यांना पाणी द्यावे, फराळ द्यावा, पायांना लावायला तेल द्यावे. त्या ठिकाणी स्वतःच्या नावाचा फलक मात्र लावू नये, असे मला मनापासून वाटते.

ज्यांचा माल किंवा सेवा थेट कंपन्यांना किंवा इतर उद्योजकांना विकली जाते, त्यांनी औद्योगिक संस्थांच्या बैठकांकडे वळावे. मराठा चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्रीज अँड ॲग्रिकल्चर ही संस्था १९३४ पासून पुण्यात काम करते आहे आणि सेनापती बापट मार्गावरील तिच्या कार्यालयात वेगवेगळ्या विषयांवर सत्रे होत असतात. एकमेकांना ग्राहक सुचवणाऱ्या व्यावसायिकांची बीएनआय नावाची संस्था आहे; तिच्या गटांत एका व्यवसायाचा एकच सदस्य घेतला जातो आणि बैठक दर आठवड्याला होते; ज्याला दर आठवड्याची ती सकाळ निश्चितपणे देता येणार नाही, त्याने सदस्यत्वाचे पैसे भरू नयेत.

जाण्यापूर्वीचे पंधरा दिवस

ज्या कार्यक्रमाला जायचे आहे त्याच्या आयोजकांचे इन्स्टाग्राम आणि फेसबुक पान पंधरा दिवस आधीपासून पाहू लागावे. तिथे कोण प्रतिक्रिया देते, कोणते वक्ते येणार आहेत, शेजारच्या स्टॉलवर कोण आहे, हे कळले की पहिल्या भेटीतला अर्धा अवघडलेपणा आधीच नाहीसा होतो. आयोजकांच्या एखाद्या पोस्टवर विषयाला धरून, शुद्ध मराठीत, दोन वाक्यांची प्रतिक्रिया लिहावी. "छान", "मस्त" किंवा नुसते अंगठ्याचे चिन्ह यांतून कोणाच्याही लक्षात राहता येत नाही.

याच काळात स्वतःचे पान नीट करावे. तुमच्याशी पाच मिनिटे बोललेला माणूस घरी जाताना मेट्रोत बसून पहिल्यांदा तुमचे पान उघडणार आहे. त्याला तिथे तुम्ही काय करता, कुठे करता आणि तुमच्याशी संपर्क कसा साधायचा, या तीन प्रश्नांची उत्तरे न शोधता मिळाली पाहिजेत. गूगलवरील व्यवसायाच्या नोंदीत पत्ता, वेळ आणि साप्ताहिक सुट्टी बरोबर आहे ना, हे तपासावे. दुपारी दुकान बंद असेल तर तसे स्पष्ट लिहावे. खाद्यपदार्थांचा व्यवसाय असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी क्रमांक कॅटलॉगमध्ये आणि कार्डावर छापावा, कारण चौकस ग्राहक तो पाहतो.

स्वतःची ओळख दोन वाक्यांत सांगण्याचा सरावही याच दिवसांत करावा. "आम्ही नैसर्गिक, आरोग्यदायी आणि दर्जेदार उत्पादने बनवतो" हे वाक्य कोणत्याही व्यवसायाला लागू पडते, म्हणून ते कोणाच्याच लक्षात राहत नाही. "कोथरूडला आमचा लाकडी घाणा आहे, आपल्यासमोर शेंगदाणा टाकून तेल काढून देतो," असे म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घाणा उभा राहतो आणि पुढचा प्रश्न तोच विचारतो.

क्यूआर कोड आणि ग्राहकाकडून येणारा पहिला संदेश

या भागावर मी अधिक विस्ताराने लिहितो आहे, कारण आमच्या कामात सर्वांत मोठा फरक याच एका गोष्टीने पडला.

व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप २०१८ पासून उपलब्ध आहे आणि छोट्या व्यावसायिकाला ते विनामूल्य वापरता येते. त्यात स्वतःच्या क्रमांकाची एक छोटी लिंक तयार करता येते, तिला एक तयार संदेश जोडता येतो आणि त्या लिंकचा क्यूआर कोड छापता येतो. ग्राहकाने तो कोड स्कॅन केला, की त्याच्या फोनवर आपल्याशी संभाषणाची खिडकी उघडते आणि संदेश आधीच लिहिलेला असतो. त्याने फक्त पाठवण्याचे बटण दाबायचे असते. प्रत्येक कार्यक्रमासाठी हा तयार संदेश वेगळा ठेवावा. उदाहरणार्थ, प्रदर्शनासाठी "नमस्कार, कोथरूडच्या दिवाळी प्रदर्शनात भेट झाली, तेलांचे दर कळवावेत", तर सोसायटीतील कार्यक्रमासाठी "नमस्कार, कोजागिरीला भेट झाली होती".

यातून तीन गोष्टी एकदम साधतात. कोण कोणत्या कार्यक्रमात भेटले, हे त्या संभाषणाच्या पहिल्याच ओळीत कायमचे लिहिले जाते. ग्राहकाने स्वतः संदेश पाठवलेला असल्याने आपण उत्तर देणे हे आगंतुकपणाचे ठरत नाही. शिवाय, समोर उभे असतानाच त्याला "आमचा क्रमांक नावासह सेव्ह करून ठेवाल का?" असे विनंतीपूर्वक विचारता येते. हे विचारणे फार महत्त्वाचे आहे, कारण व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याची सोय, जास्तीत जास्त २५६ जणांची असते आणि तिच्यातून पाठवलेला संदेश केवळ त्याच लोकांपर्यंत पोहोचतो ज्यांच्या फोनमध्ये आपला क्रमांक सेव्ह केलेला आहे. यादीत दोनशे नावे असूनही प्रतिसाद का येत नाही, याचे उत्तर अनेकदा इथे सापडते.

कोड छापताना त्याच्या आकाराकडे लक्ष द्यावे. ढोबळ नियम असा, की जितक्या अंतरावरून स्कॅन करायचे त्याच्या एक दशांश इतकी कोडची बाजू असावी. स्टॉलपुढे एक मीटरवर उभ्या असलेल्या माणसासाठी दहा सेंटिमीटरचा चौकोन हवा. चकचकीत लॅमिनेशन टाळावे, कारण मांडवातल्या दिव्यांचा उजेड त्यावर परावर्तित होऊन कॅमेऱ्याला कोड वाचता येत नाही. पैसे घेण्यासाठीचा यूपीआयचा कोड आणि हा कोड यांची गल्लत होऊ नये म्हणून दोन्हींवर मोठ्या अक्षरांत "पैसे देण्यासाठी" आणि "संपर्कासाठी" असे लिहावे. ज्येष्ठ नागरिकांसाठी छापील कार्ड हवेच. त्याच्या मागची बाजू कोरी ठेवावी, म्हणजे त्यांनी विचारलेल्या वस्तूचे नाव आपल्या हाताने लिहून देता येते.

प्रत्यक्ष कार्यक्रमात

सभागृहात कार्यक्रमाच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी पोहोचावे. त्या वेळी लोक खुर्च्यांवर बसून वाट पाहत असतात, हातात काही काम नसते आणि शेजाऱ्याशी बोलायला मन मोकळे असते. कार्यक्रम संपल्यावर मात्र प्रत्येकाला गाडी काढायची घाई असते. टिळक रस्ता किंवा डेक्कनच्या परिसरात पार्किंग शोधण्यात ही मोलाची वीस मिनिटे जातात, म्हणून जिथे शक्य आहे तिथे मी मेट्रोने किंवा रिक्षाने जातो.

बोलण्याची सुरुवात समोरच्या कार्यक्रमापासून करावी. "आपण दरवर्षी येता का?" हा प्रश्न साधा आहे, परंतु त्यातून माणूस आपोआप स्वतःविषयी बोलू लागतो. वयाने मोठ्या व्यक्तीशी बोलताना "आपण" म्हणावे आणि "काका", "काकू" म्हणण्याइतका परिचय होईपर्यंत आडनावाला "साहेब" किंवा पहिल्या नावाला "ताई" जोडावे. आपल्या व्यवसायाचे सांगण्यापूर्वी त्यांच्या अडचणीविषयी ऐकावे. गेल्या वर्षी एका प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवरील ताईंना लोणच्यासाठी काचेच्या बरण्या वेळेवर मिळत नव्हत्या. आमच्या बाटल्यांचा पुरवठादार बरण्याही ठेवत असल्याने मी त्यांना त्याच्याशी जोडून दिले. त्यानंतर त्यांनी त्यांच्या ग्राहकांना आमच्या तेलाची शिफारस केली आणि ती मी मागितलेली नव्हती. दोन माणसांची अशी ओळख करून देताना दोघांनाही आधी विचारावे आणि मगच क्रमांक द्यावा.

भेट संपली की एका बाजूला जाऊन लगेच फोनमध्ये नाव सेव्ह करावे. आमची पद्धत अशी : नाव, भाग, कार्यक्रम, महिना आणि गरज. "जोशी काकू, कर्वेनगर, कोजागिरी, करडई ५ लिटर." व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये लेबलची सोय आहे, प्रत्येक कार्यक्रमाचे लेबल केले, की पुढे सगळी यादी एका ठिकाणी दिसते. एका संध्याकाळी पाच-सहा माणसांशी नीट बोलणे झाले तर ती संध्याकाळ सार्थकी लागली, असे मी मानतो. पन्नास जणांना कार्ड वाटून कोणाचेच नाव लक्षात न राहणे हे कोणाच्याच उपयोगाचे नाही.

छायाचित्रे आणि रील

फोन उभा धरावा, चेहऱ्यावर उजेड येईल असे उभे राहावे आणि चित्रफीत अर्ध्या मिनिटात आटोपावी. बरेच लोक आवाज बंद ठेवून पाहतात, त्यामुळे बोललेले वाक्य पडद्यावर मराठी अक्षरांत द्यावे. इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यावर लोकप्रिय गाण्यांचा वापर मर्यादित असतो. इन्स्टाग्राम आणि फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीच्या स्वतःच्या ध्वनिसंग्रहातील संगीत घ्यावे, किंवा त्याहून चांगले म्हणजे आपल्या कामाचा मूळ आवाज ठेवावा. घाणा फिरतानाच्या आवाजाची आमची रील कोणत्याही गाण्याच्या रीलपेक्षा अधिक लोकांनी पाहिली. मैफलीतील गायन किंवा नाटकातील प्रवेश परवानगीशिवाय चित्रित करू नये. ग्राहकाचे छायाचित्र विचारून घ्यावे आणि लहान मुलांचे चेहरे टाकूच नयेत.

पोस्ट टाकताना आयोजकांना टॅग करण्याबरोबरच इन्स्टाग्रामवरील कोलॅबची सोय वापरावी. आयोजकांनी ती विनंती स्वीकारली तर एकच पोस्ट दोघांच्याही पानांवर दिसते आणि त्या कार्यक्रमाला आलेल्या, पण आपल्याला न भेटलेल्या माणसांपर्यंत ती पोहोचते. मात्र अशा पोस्टमध्ये केवळ आपला माल नको. कार्यक्रमात काय चांगले होते, कोणत्या वक्त्याचा कोणता मुद्दा पटला, हे दोन ओळींत लिहिले तर आयोजकही विनंती आनंदाने स्वीकारतात. मजकूर मराठीत लिहावा आणि टाकण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचावा. ऱ्हस्व-दीर्घाची चूक पुण्यातल्या वाचकाच्या लगेच नजरेत येते आणि मालाच्या दर्जाविषयीही त्याच्या मनात शंका निर्माण होते.

पुढचे दोन दिवस

भेटीनंतर ४८ तासांच्या आत पहिला संदेश गेला पाहिजे. त्यात विक्री नसावी. आम्ही साधारण असे लिहितो : "नमस्कार काकू, रविवारी प्रदर्शनात आपली भेट झाली. थालीपिठासाठी कोणते तेल वापरावे असे आपण विचारले होते. आमच्या घरी शेंगदाण्याचे वापरतो. काही विचारायचे असल्यास नक्की कळवा." ज्या संभाषणाचा उल्लेख त्या संदेशात आहे, ते फक्त त्या दोघांतच झालेले असते, त्यामुळे उत्तर बहुधा येते. सर्वांना एकच मजकूर चिकटवून पाठवला, तर तो तसा आहे हे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळते. उत्तर न आल्यास पंधरा दिवसांनी आणखी एकदा, एखादी उपयुक्त माहिती देऊन, लिहावे. त्यानंतर थांबावे.

लिंक्डइनवर व्यावसायिक व्यक्तीला विनंती पाठवतानाही सोबत भेटीचे ठिकाण आणि विषय यांचा उल्लेख असलेली छोटी टीप जोडावी.

ग्रुप आणि संमती

कोणालाही न विचारता व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घालू नये. सोसायटीच्या ग्रुपमधून क्रमांक उचलून जाहिराती पाठवणे हे तर विश्वासाला तडा देणारे आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला असून माणसाची माहिती वापरताना त्याची संमती हा त्या कायद्याचा गाभा आहे; पण कायदा नसता तरी शेजाऱ्याशी असे वागणे योग्य ठरले नसते. सोसायटीच्या ग्रुपवर लिहायचे असल्यास आधी ॲडमिनची परवानगी घ्यावी आणि विक्रीसाठी ठराविक वार नेमलेला असेल तर तो पाळावा. ब्रॉडकास्टमधून नाव वगळण्याची विनंती आली, तर त्याच दिवशी वगळून तसे कळवावे. आमच्याकडे अशी विनंती केलेल्या एका गृहस्थांनी चार महिन्यांनी स्वतःहून फोन करून तेल मागवले.

पैसे देऊन जाहिरात

हा खर्च फक्त प्रदर्शनाच्या आधीचे तीन-चार दिवस करावा. मेटाच्या जाहिरातीत नकाशावर सभागृहाचे ठिकाण निवडून त्याभोवती काही किलोमीटरचा परीघ ठरवता येतो. कोथरूडमधल्या प्रदर्शनाची जाहिरात खराडीपर्यंत दाखवण्यात अर्थ नसतो. जाहिरातीत सभागृहाचे नाव, जवळची खूण, वेळ, स्टॉल क्रमांक आणि पार्किंगची सोय एवढे असले की पुरे. एखाद्या प्रसिद्ध खातेदाराला पैसे किंवा मोफत माल देऊन पोस्ट करून घेतली असेल, तर ती जाहिरात असल्याचे तिच्यावर स्पष्ट लिहिले गेले पाहिजे; जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली तशी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत. फॉलोअर विकत घेऊ नयेत. ते तेल विकत घेत नाहीत.

हिशेब तीन महिन्यांनी करावा

प्रदर्शनाच्या संध्याकाळी गल्ला मोजून ते यशस्वी झाले की नाही, हे ठरवण्याची घाई होते. तेलाचा पाच लिटरचा डबा संपायलाच काही आठवडे लागतात, त्यामुळे खरा ग्राहक कोण हे तो दुसऱ्यांदा मागणी करतो तेव्हाच समजते. प्रत्येक कार्यक्रमासाठी वहीचे एक पान ठेवावे. वर स्टॉलचे भाडे, प्रवास, नमुन्याच्या बाटल्या आणि जाहिरात यांचा खर्च लिहावा. खाली क्यूआर कोडवरून किती संदेश आले, त्यांपैकी किती जणांशी पुढे संभाषण झाले, किती जणांनी पहिली खरेदी केली आणि किती जण परत आले, हे चार आकडे लेबलवरून पाहून भरावेत. इन्स्टाग्रामवरील लाइक या पानावर लिहिण्याची गरज नाही.

आमच्या वहीत एका मोठ्या, महागड्या प्रदर्शनाचे पान तीन महिन्यांनी जवळजवळ कोरे राहिले, तर एका सोसायटीतल्या दोन तासांच्या कोजागिरीच्या पानावर अजूनही नवी नावे चढत आहेत, कारण तिथले लोक एकमेकांना सांगत राहिले. त्या मोठ्या प्रदर्शनाला आम्ही यंदा गेलो नाही. वाचलेल्या भाड्यातून आणखी तीन सोसायट्यांच्या सांस्कृतिक समित्यांशी बोलणे केले. कोजागिरीच्या तारखा समित्या गणपती उठल्यानंतर लगेच ठरवतात, म्हणून त्यांना फोन करण्याची आठवण अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसावर लावून ठेवली आहे.